गच्चीवरचं ध्यान आणि रस्त्यावरची दिंडी

सिडकोवाला: गंगापूररोडकर, काल तुम्ही लिहिलंत, 'देव आत आहे. मी गच्चीवर वीस मिनिटं ध्यान करतो, मला टाळकुट्या गर्दीची गरज नाही.' टाळकुटे हा शब्द झोंबला. मी दरवर्षी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला पायी जातो. यंदा महिरावणीच्या पुढे टाचेचा फोड फुटला, तर एका अनोळखी म्हाताऱ्याने उपरण्याची चिंधी फाडून बांधली. तुमच्या गच्चीवर कोण येतं चिंधी घेऊन?

गंगापूररोडकर: शब्द मागे. मुद्दा नाही. ज्या निवृत्तिनाथांच्या समाधीला जाता, त्यांना त्यांचे गुरू गहिनीनाथ दिंडीत भेटले का? घरच्यांपासून वाट चुकल्यावर, ब्रह्मगिरीच्या गुहेत भेटले. एकट्याला.

सिडकोवाला: मग काय गुहेतच बसले? बाहेर येऊन ज्ञानदेवांना दिलं, त्यांनी सगळ्यांना वाटलं.

पंचवटीकर: गुहा असो की दिंडी, गाड्या आमच्या दारात लावू नका. सिंहस्थ कुंभमेळ्यात तर घरात शिरायला मलाच पास दाखवावा लागेल.

मूळचा येवल्याचा: 'सगळ्यांना'? 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. त्यात माझे पणजोबा होते. पाच वर्षं झगडूनही दार उघडलं नाही. तुमच्या समूहाला कडी असते, आणि ती आतून असते.

मालेगाव स्टँडची मावशी: कडीचं मी सांगते. हे गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला भजनी मंडळातल्या एकीचंही हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. त्याच बायकांच्या लेकींच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मीच वळलेले.

सिडकोवाला: मावशी, वाईट झालं. पण हळदीकुंकू म्हणजे धर्म नव्हे, बायकांचा रिवाज आहे तो.

मावशी: वा रे! तुझी दिंडी तेवढी धर्म? आणि दिंडीच्या मुक्कामाला पहाटे तीनला पिठलं ढवळायला कोण उठतं, ज्ञानदेव?

गंगापूररोडकर: म्हणूनच म्हणतो, गच्ची बरी.

येवल्याचा: तुम्ही फुकटात जिंकू नका. दार उघडेना म्हणून पणजोबा गच्चीवर गेले नाहीत. 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 1956 ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली ती लाखोंच्या साक्षीने. आई आजही वंदनेला विहारातच जाते, गुडघे दुखत असले तरी. तुम्हाला कुणी कधी अडवलं नाही, म्हणून एकांत गोड लागतो.

गंगापूररोडकर: हे लागलं. तरी टाळ ऐकून माझं डोकं दुखतं ते दुखतंच.

मावशी: आणि मी मंडळ सोडलं म्हणून कुणी सांगितलं? पेटी मला एकटीलाच येते. त्या वर्षी रामनवमीला अर्धा तास उशिरा गेले मुद्दाम. बसल्या होत्या सगळ्या दाराकडे बघत.

सिडकोवाला: चुकलो, मावशी. या संक्रांतीला आमच्याकडे या, हिच्याकडून पहिलं बोलावणं तुम्हालाच.

मावशी: तिला विचारलंस का आधी?