सही चार वर्षांची, बांधिलकी आठ वर्षांची

"सैनिकांनी स्वखुशीने सही केली, मग मुदतीनंतरही सेवेत ठेवल्याची तक्रार कसली?" हा तुमचा प्रश्न मला पटला नाही. अमेरिकेच्या सैन्यात भरती होणारी मुलं तीन-चार वर्षं धरून चालतात. करारात मात्र एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते, उरलेली वर्षं राखीव दलात. इराक युद्धात 'स्टॉप-लॉस'ने, म्हणजे सैनिकांना सक्तीने सेवेत थांबवण्याच्या लष्करी आदेशाने, त्यावर कडी केली. तुकडी युद्धावर निघण्याच्या 90 दिवस आधीपासून परतल्यानंतर 90 दिवसांपर्यंत कोणाचीही सुटका नव्हती, मुदत संपली तरी! इथे आमच्या शेजारणीने फ्रिजवरच्या कॅलेंडरात लेकाच्या सुटकेच्या तारखेभोवती लाल गोल काढला होता. त्या दिवशी तो बगदादमध्येच होता. 2009 मध्ये सरकारने अशा प्रत्येक जादा महिन्यामागे 500 डॉलर देऊ केले. फारच तोकडी भरपाई.