फेणेला मोठं करायची काय गरज होती?

तलावपाळीकर
काल इथे एकाने लिहिलं की 'फास्टर फेणे' सिनेमाबद्दल अजून कुरकुर करणारे वाचक आठवणींत रुतून बसलेत, अमेय वाघचा फेणे हाच आता खरा फेणे, आणि भा. रा. भागवतांची जुनी पुस्तकं कपाटातच बरी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१७चा तो सिनेमा मी थिएटरात पाहिलाय. आदित्य सरपोतदारांनी तो कुठे रेंगाळू दिलेला नाही आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा बघून अंगावर काटा येतो. मान्य. पण भा. रा. भागवतांचा बनेश फेणे शाळकरी पोरगा आहे हो! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, किडकिडीत, विद्याभवनमध्ये शिकणारा. मोठी माणसं त्याला मोजत नाहीत आणि म्हणूनच तो नको तिथे घुसू शकतो, नको ते ऐकू शकतो. पकडला गेला तर त्याच्याकडे ताकद नाही, ओळख नाही, पैसे नाहीत. आहेत ते पाय, सायकल आणि डोकं. सिनेमात तोच मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण झाला. तरुणाने गुंडांशी दोन हात करण्यात नवल काय? असे नायक दर शुक्रवारी येतात. मूल काढून घेतलंत तर उरतं फक्त नाव आणि त्याच्या तोंडचं ते 'ट्टॉक्‌'.

घोडबंदर रोड
कालची पोस्ट माझीच. तुमचं सगळं वाचलं, तरी माझं मत तेच आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी बसलेला मुलगा मरतो, ती आत्महत्या ठरवली जाते आणि त्यामागे प्रवेशपरीक्षांचा धंदा निघतो. मध्य प्रदेशातल्या व्यापम परीक्षा-घोटाळ्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. अशा गोष्टीत सातवी-आठवीतलं पोर घातलं असतं तर पहिल्या वीस मिनिटांत लोक उठून गेले असते. क्षितिज पटवर्धनांनी आजची गोष्ट लिहिली आणि तिला आजचा फेणे दिला. शिवाय दिलीप प्रभावळकरांना भागवतांच्या भूमिकेत आणून लेखकालाच पडद्यावर मान दिला. यापेक्षा जास्त आदर कसा दाखवायचा?

पुस्तकपेटी
शेवटच्या वाक्याशी सहमत. प्रभावळकर दारात दिसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण 'लोक उठून गेले असते' हे कशावरून? ज्या प्रभावळकरांचं नाव तुम्ही घेतलंत त्यांनीच लिहिलेल्या 'बोक्या सातबंडे'वर २००९मध्ये सिनेमा आला, त्यात बोक्या लहानच होता. २०१२च्या 'चिंटू'त चिंटू लहानच होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने फेणे केला, तेव्हा तोही शाळकरी वयाचा दिसत होता. आणि पटण्या-न पटण्याचं म्हणाल तर भागवतांनी फेणेला चिनी आक्रमणाच्या वेळी थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, पाठवलंय. ते आम्ही श्वास रोखून वाचलं. पोरगं तिथे कसं पोचलं, असं एकाही मुलाने विचारलं नाही.

पूर्वेकडचा
लहान-मोठा सोडा, मराठी सिनेमाला शो कुठे मिळतात ते बोला. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सात मुलांचा मराठी सिनेमा कामाच्या दिवशी दुपारी लावतात. शाळा असते, आईबाप ऑफिसात असतात. मग म्हणायचं, प्रेक्षक येत नाही.

घोडबंदर रोड
@पुस्तकपेटी नेफाचं चाललं, कारण तेव्हाचा वाचक स्वतः दिवसभर उन्हात भटकायचा. माझी मुलगी सहावीत आहे. गेटबाहेर एकटी जात नाही. तिला सायकलवर शहरभर फिरणारा मुलगा दाखवला तर ती परीकथा समजेल. फेणेला सिनेमावाल्यांनी मोठं केलं नाही, शहराने केलं.

नेरुळ सेक्टर
हे मात्र तुमच्या ठाण्याचं रडगाणं आहे. मुलांना तुम्हीच कोंडून ठेवायचं आणि शहराला दोष द्यायचा! आमच्याकडे नवी मुंबईत सिडकोने सेक्टर आखतानाच शाळा, बाजार, मैदान चालत जाता येईल असं ठेवलं. माझा भाचा पाचवीपासून सायकलने क्लासला जातो. भीती मुलांच्या नाही, आईबापांच्या मनात आहे.

घोडबंदर रोड
भीती मनात आहे? माझ्या मुलाला मानपाड्याजवळ सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या बाइकने उडवलं. हात दोन ठिकाणी मोडला. बाइकवाला थांबलाही नाही. शेजारच्या मुख्य रस्त्यावरून जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर धावतात, मध्ये मेट्रोचे पत्रे उभे होते, फुटपाथवर गाड्या लावलेल्या. सायकल त्यानंतर भंगारात दिली. तुम्ही या, तुमच्या भाच्याला वाघबीळ ते माजिवडा सायकलवर पाठवा आणि मग मला आईपण शिकवा. आणि तुमच्या पाम बीच रोडवर रात्री गाड्या कशा पळवतात तेही जरा लिहा.

नेरुळ सेक्टर
मुलाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पाम बीचवर कुठलंच मूल सायकल घेऊन जात नाही, आतल्या रस्त्यांवर जातं. आणि रस्ता सोडा, तुमच्या सोसायट्यांत तरी चालवू देता का? ठाण्यातल्या मित्राच्या कॉम्प्लेक्समध्ये बोर्ड आहे: पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर) सायकल चालवण्यास मनाई, बॉल खेळण्यास मनाई. वॉचमन शिट्टी मारून पोरांना हाकलतो. तिथे कुठला कंटेनर येतो? फरशीवर चरे पडतात म्हणून बंदी!

पुस्तकपेटी
पोडियमबद्दल शंभर टक्के. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, मुलांसाठी गेम रूम केली आहे ना. एसी लावलेल्या खोलीत कॅरम खेळणाऱ्या मुलाला कसली मोहीम सापडणार? नियम करणारे सगळे आमच्याच वयाचे. हेच लोक फेणेच्या आठवणी काढताना गहिवरतात. मला त्यांचा खरोखर राग येतो.

वागळे इस्टेट
इतका वेळ गप्प वाचत होतो. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत मूल म्हणजे टॉवरमधलं मूल. किसननगरात या कधी. आमच्या गल्लीतली पोरं आजही एकटी फिरतात. आठवीतला मुलगा सकाळी सायकलवर दुधाच्या पिशव्या टाकतो आणि मग शाळेत जातो. दिवा-मुंब्र्याची मुलं गर्दीच्या लोकलने ठाण्याला येतात, त्यांच्यासोबत कोण असतं? कुठल्या दुकानामागे काय चालतं, कोण कुणाला पैसे देतं, हे त्यांना पोलिसांच्या आधी माहीत असतं. ही मुलं परीकथेतली नाहीत. तुमच्या लिफ्टमध्ये रोज भेटतात. फेणे फुरसुंगीचा होता, डेक्कनवरच्या बंगल्यातला नव्हता. आज भागवत असते तर त्यांना तो आमच्याकडे सापडला असता.

तलावपाळीकर
@वागळे इस्टेट मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं पकडलंत. याला जोडून २०१४चा 'एलिझाबेथ एकादशी' आठवा. पंढरपूरची मुलं, घरची तंगी, आणि आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून त्यांची वारीतली धडपड. परेश मोकाशींनी त्या मुलांना कॉलेजात घातलं नाही. वय लहान म्हणूनच त्यांनी कमावलेल्या एकेका रुपयाला वजन आलं.

घोडबंदर रोड
ती गोष्ट मुळातच मुलांची लिहिली होती. खुनाचा तपास नव्हता त्यात. दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या मुलाला अप्पासारख्या माणसापुढे उभं करा, बघू काय होतं. मार खाईल, संपेल.

वागळे इस्टेट
समोर उभा राहणारच नाही तो. मागच्या दाराने जाईल. मोठ्यांच्या सिनेमात नायकाला छाती काढून उभं राहावं लागतं, तिथेच गडबड होते. लहान पोराला लपता येतं, खोटं रडता येतं, पळता येतं. भित्रेपणा म्हणत नाही कुणी त्याला.

पूर्वेकडचा
शोच्या वेळांवर कुणी बोलणार आहे का?

तलावपाळीकर
@घोडबंदर रोड एक साधं विचारतो. तुमच्या मुलीने सिनेमा पाहिलाय, पुस्तकं वाचलीत का?

घोडबंदर रोड
वाचली, आणि ती सिनेमामुळेच वाचली हे नोंदवून ठेवा. टीव्हीवर पाहिल्यावर मागे लागली म्हणून मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून दिली. तुमच्या नुसत्या आठवणींनी एकाही मुलाच्या हातात पुस्तक जात नाही, सिनेमाने गेलं. तुम्ही पुढे काय विचारणार ते कळतंय मला. हो, तिला पुस्तकातला फेणे जास्त आवडला. का, तर तो तिच्याएवढा आहे. राम वाईरकरांच्या चित्रांवरून तिने वहीत फेणे काढलाय, शेजारी सायकल घेतलेली एक मुलगीही काढली आहे. तरीही सिनेमा चांगला आहे हे मी सोडणार नाही.

तलावपाळीकर
नका सोडू. सिनेमा वाईट आहे असं मी पहिल्या ओळीपासून कुठे म्हटलंय? पुन्हा कुणी फेणे करायला घेतला तर तेरा वर्षांचं पोरगं घ्या, एवढंच मागतोय.

घोडबंदर रोड
घेऊ देत. पण तो आताचा असू दे, चौकड्यांचा शर्ट घालून साठ सालात नका नेऊ. आणि सायकल चालवायला त्याला निदान एक रस्ता द्या.

नेरुळ सेक्टर
रस्ता आमच्याकडे आहे. शूटिंगला या.

वागळे इस्टेट
पोरगं आमच्याकडून न्या.