मदत हवी आहे : पाठीच्या पाण्यातून लिम्फोमाची डीएनए तपासणी कुठे होते?

माझ्या काकांना अंडकोषाचा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग, त्यातला डीएलबीसीएल हा प्रकार) होता. आर-चॉप ही केमोथेरपी पूर्ण झाली, पेट स्कॅन स्वच्छ आला. आता त्यांना एकाचे दोन दिसतात आणि डावा गाल सैल पडलाय. चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो. या प्रकारचा लिम्फोमा मेंदूकडे जाण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

एमआरआय संदिग्ध आहे. पाठीतून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी (सीएसएफ) काढलं, सायटॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी) निगेटिव्ह. पण पेशी थोड्या असल्या की सूक्ष्मदर्शकातून निसटतात, त्यामुळे आमचा जीव काही भांड्यात पडलेला नाही. फ्लो सायटोमेट्रीचा (लेझरने पेशी ओळखण्याची तपासणी) रिपोर्ट यायचाय.

वाचनात आलं की त्याच पाण्यात गाठीच्या पेशींचा सुटा डीएनए शोधता येतो, विशेषतः एमवायडी८८ जनुकातला एल२६५पी बदल. मेंदूतल्या गाठीचा डीएनए रक्तात फार कमी उतरतो, म्हणून नुसत्या रक्ताच्या लिक्विड बायोप्सीवर माझा भरवसा नाही.

मुंबई-पुण्यात पाण्यावर ही तपासणी कोणी करून घेतली आहे का? किती मिली लागलं, नमुना कसा पाठवला, रिपोर्ट किती दिवसांत आला, खर्च किती? पहिल्या वेळचं उरलेलं पाणी चालतं, की पुन्हा सुई टोचावी लागते? स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता दडू शकतो, म्हणून ते सुरू करण्याआधी नमुना द्यावा असं वाटतं. रक्तविकारतज्ज्ञ किंवा पॅथॉलॉजीवाले कोणी असाल तर कृपया लवकर सांगा, सोमवारी डॉक्टरांची भेट आहे.