उरहोबोंचा एरिव्हिन: घर सावरणारा नियम की बाईच्या मानेवरचा जू?

नदीकाठ: नायजेरियाच्या डेल्टा राज्यातले उरहोबो लोक पूर्वजांच्या शक्तीला एरिव्हिन म्हणतात. विवाहितेने परपुरुषाशी संबंध ठेवला की एरिव्हिन तिला, नाहीतर तिच्या लेकरांना धरतो. दुखणं हटेना की कौल लावतात, मग कबुली, त्या पुरुषाचं नाव, वडीलधाऱ्यांनी ठरवलेला दंड आणि पूर्वजांपुढे बोकड व दारू. एवढं झालं की बाई पुन्हा घरची. पोलीस नको, काडीमोड नको. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते.

कंदील: नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर एरिव्हिन त्याला का धरत नाही? नायजेरियाच्या १९९९च्या राज्यघटनेतलं ४२वं कलम लिंगभेदाला मनाई करतं. तिथल्या दक्षिणेकडच्या फौजदारी संहितेत व्यभिचार गुन्हाच नाही. मग शिक्षा फक्त बाईला, तीही कोर्टाबाहेर, हे शहाणपण कसलं?

नदीकाठ: नवरा अगदी मोकळा सुटत नाही. बायकोचं प्रकरण कळूनही तो गप्प बसला, तिच्या हातचं जेवत राहिला, तर तोही सापडतो. शिवाय वधूमूल्य देऊन मुलगी पूर्वजांपुढे सासरची झाली, तरच हा नियम लागतो. नुसतं एकत्र राहणाऱ्यांना नाही.

कंदील: म्हणजे नवऱ्याचा गुन्हा काय, तर बायकोला पाठीशी घातलं! त्याच्या स्वतःच्या वागण्याचा हिशेब कुठेच नाही.

पानवेल: माझा आक्षेप कौलावर आहे. त्याला तिथे एफा म्हणतात. बियांच्या अर्ध्या कवचांच्या माळा टाकायच्या आणि कोणतं कवच उताणं, कोणतं उपडं पडलं ते वाचायचं. त्यावरून बाई दोषी ठरते. सगळ्यात वाईट वेळ बाळंतपणाची. कळा लांबल्या, बाळ अडलं, की आधी ‘कबूल कर’. मूल आडवं असेल तर कबुलीने ते सरळ होत नाही, उशिराने गर्भाशय फाटतं, रक्तस्राव होतो. ती दगावली की लोक म्हणतात, ‘बघा, लपवलं होतं’. सुटका झाली तर कबुलीमुळेच. या नियमाला खोटं ठरायला जागाच ठेवलेली नाही.

नदीकाठ: बाळंतपणाचा मुद्दा मान्य, तिथे आधी दवाखाना. पण धाकच काढलात, तर वाद मिटवणारे वडीलधारे कशाच्या जोरावर बोलतील?

पानवेल: ज्या जोरावर जमिनीचे वाद मिटवतात: दोन्ही बाजू ऐकून, साक्षी घेऊन. तापलेल्या पोराच्या उशाशी बसून आईची उलटतपासणी करायची काय गरज?