रविवारी खिंडसी, आणि लिफ्टची गोष्ट (नागपुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-102 : रविवारी खिंडसीला कोण कोण येऊन राहिलं? पहाटे 5.30 ला गेटवरून निघू. आधी रामटेकला गडावर दर्शन, मग तलाव, ऊन चढायच्या आत घरी. 4 गाड्या लागतील.

बी-304 काकू : आम्ही दोघं. तिखट पुऱ्या आणि कैरीचा तक्कू माझ्याकडे.

ए-503 : आमचं नका धरू भाऊ. आईला एकटं सोडून निघायची हिंमत होत नाही.

ए-102 : काहून? तब्येत बरी आहे नं?

ए-503 : तब्येत बरी आहे. मंगळवारचं ग्रुपवर टाकलं नव्हतं, आता सांगतो. आई संध्याकाळी 6 वाजता भाजी घ्यायला खाली उतरली. गेटजवळच्या ठेल्यावरून परत येईस्तोवर लाईन गेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, 5 मजले चढणार कशी? मी 8.30 ला आलो तर लिफ्टसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. पदर ओला करून मानेवर ठेवलेला, मांडीवर पिशवी, आतला पालक पार गळून गेलेला. फोन वर ओट्यावर चार्जिंगला. मला म्हणे, "कोणाला उगाच त्रास कशाला." वर तर टाकीही रिकामी. लिफ्ट लाईनवर, पंप लाईनवर, कूलर लाईनवर. मोकळी हवा म्हणून बेसा रोडला राहायला आलो आपण, आणि एक तार तुटली की वरचे वर, खालचे खाली.

सी-201 : अरे बाप्पा! आम्ही दारामागेच होतो हो. काकूंनी नुसती बेल वाजवायची होती... नाही, बेलही बंदच होती. यापुढे लाईन गेली की मी स्वतः खाली एक चक्कर मारीन.

बी-304 काकू : कोराडी, खापरखेडा ही वीजकेंद्रं आपल्या उशाशी. कोळसा आपला, राख आपल्याकडे. मग आपल्याच घरात अंधार कशाला?

बी-604 काका : वहिनी, कोराडीत 660 मेगावॅटचे 3 संच आहेत, पण ती वीज आधी ग्रीडमध्ये, म्हणजे सगळीकडच्या तारांच्या जाळ्यात जाते, थेट आपल्या घरी येत नाही. आपल्याकडे बहुतेकदा दगा देते ती शेवटच्या टप्प्यातली केबल नाहीतर ट्रान्सफॉर्मर. दिवसा 45 डिग्री, रात्री घरोघरी एसी. ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

सी-402 : म्हणूनच म्हणतो, गच्चीवर सोलर लावून टाकू. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) किलोवॅटमागे 18,000 सबसिडी आहे. 10 किलोवॅटला 1,80,000 झाले.

बी-604 काका : लावूच, मी पहिली सही करतो. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या, नाहीतर पुढच्या मे महिन्यात एकमेकांवर चिडाल. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईन गेली की स्वतःच बंद पडतं. पडायलाच पाहिजे. आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. म्हणजे बिल कमी होईल, पण मंगळवारी काकू तशाच खाली बसून राहिल्या असत्या. लिफ्ट आणि पंप चालवायचा तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन नसतानाही सोलर-बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी हवी. मोटर सुरू होताना चालूपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, तेवढा झटका पेलणाराच इन्व्हर्टर घ्या. कोटेशनमध्ये हे लिहून मागा, तोंडी नको. आणि पॅनलला ऊन लागतं, उष्णता नको असते. तापलं की वीज कमी देतं.

ए-102 : बॅटरीचा खर्च किती वाढेल काका?

बी-604 काका : बराच. म्हणून सगळ्या बिल्डिंगची नको, एक लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढ्याचीच मागू. तोवर रोज संध्याकाळी 5 च्या आत वरची टाकी भरून ठेवायची. याला तर काही खर्च नाही.

सी-201 : 5 ची टाकी माझ्याकडे लागली.

ए-503 : काका, कोटेशन घ्यायला मी येतो तुमच्यासोबत.

बी-304 काकू : आणि रविवारचं काय? 503 च्या काकू घरी नि आपण पुऱ्या खायच्या, हे मला नाही जमणार. खिंडसी पावसाळ्यात करू. या रविवारी अंबाझरी तलाव. उज्ज्वलनगरहून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची. तिथे स्टेशनवर लिफ्ट आहे, काकूंना चढायला नको.

ए-102 : चालते. गाड्याही काढायला नको.

ए-503 : आईला वाचून दाखवलं. 5 वाजताच खाली येऊन बसते म्हणे, लाईन आहे तोवर.