शब्दचर्चा : ‘इम्पल्सिव्ह’ म्हणजे आवेगी, उतावळा की आततायी?

सातरस्ता :
सोलापुरात मानसोपचाराच्या ओपीडीत वाटायचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘इम्पल्सिव्ह’साठी, म्हणजे पुढचा विचार न करता झटक्यात वागणाऱ्यासाठी, मसुद्यात तीन ठिकाणी तीन शब्द पडलेत : आवेगी, उतावळा, आततायी. एकच ठेवायचा तर कुठला?

बाळीवेस :
आततायी आधी काढा. मुळात तो धनुष्य ताणून अंगावर आलेला माणूस. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, शेत किंवा बायको पळवणारा, असे सहा आततायी जुन्या वचनात मोजलेत. मराठीत धार बोथट झाली, पण आरोप तसाच राहिला. आजारी माणसाच्या हातात हा शब्द कशाला द्यायचा? उतावळा उलट फारच हलका. गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा डोळ्यांपुढे येतो आणि विषय हसण्यावारी जातो.

होटगीरोड :
एकाच शब्दाचा हट्ट सोडा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोजमापात त्यांचा एकमेकींशी संबंध क्षीणच दिसतो.

पहिली, वाट न पाहवणं. आज ५०० रुपये की ३० दिवसांनी १०००? उशिरा मिळणाऱ्या रकमेची मनातली किंमत = रक्कम ÷ (१ + क × दिवस). ‘क’ म्हणजे वाट पाहताना किंमत किती झपाट्यानं उतरते तो आकडा, ज्याचा त्याचा. तो ०.०२ असेल तर हजाराची किंमत ६२५ वाटते, माणूस थांबतो. ०.०५ असेल तर ४०० वाटते, तो आजचे ५०० उचलतो. मात्र दोन्ही तारखा ६० दिवस पुढे ढकला. त्याच ०.०५वाल्याला आता ५०० चे १२५ आणि हजाराचे १८२ वाटतात, म्हणजे तोच माणूस थांबायला तयार! गड्ड्याच्या जत्रेत किती खर्च करायचा हे डिसेंबरात घरी बसून ठरवणं सोपं आणि स्टॉलपुढे अवघड, ते यामुळेच. याला उतावळेपणा हा शब्द चपखल बसतो, बाशिंगासकट.

दुसरी, सुरू झालेली कृती न आवरणं. ही स्टॉप-सिग्नल चाचणीत मोजतात. पडद्यावर बाण दिसला की त्या बाजूचं बटण झटकन दाबायचं. साधारण चारातल्या एका वेळी बाणानंतर बीप वाजते, तेव्हा हात रोखायचा. रोखणं जमलं तर पुढची बीप ५० मिलिसेकंद उशिरा, फसलं तर तेवढीच लवकर. असं करत निम्म्या वेळा जमेल तिथे चाचणी स्थिरावते आणि त्यावरून थांबायला लागणारा वेळ काढतात. निरोगी तरुणांत तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंद भरतो. कपाळामागच्या भागाचा उजवा खालचा पट्टा आणि मेंदूच्या तळाशी असलेलं सबथॅलॅमिक केंद्रक हे या ब्रेकमधले मुख्य भाग.

याला उतावळेपणा म्हणू नका. ‘हात न आवरणं’ म्हणा.

बाळीवेस :
आणि सूचनेचं मराठीही जपा. ‘सावकाश, नीट बघून दाबा’ असं कुणी प्रेमानं सांगितलं की माणूस बीपची वाट बघत बसतो, बटण उशिरा दाबतो आणि आकडा कामातून जातो. ‘बीपची वाट बघू नका, बाण दिसताच दाबा, काही वेळा रोखणं जमणार नाही, ते चालेल’ एवढं स्पष्ट हवं.

सातरस्ता :
मग आवेग?

विजापूरवेस :
आवेग ठेवा, पण जपून. शाळेच्या विज्ञानात चेतातंतूंतून जातो तो आवेग. एका परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा गोंधळतो. शिवाय आयुर्वेद मानणाऱ्या घरांत ‘वेग अडवू नये’ हे पक्कं बसलेलं असतं. चरकानं १३ वेग रोखू नयेत म्हटलंय खरं, पण ते मल, मूत्र, शिंक, झोप असे. लोभ, क्रोध यांचे वेग आवरावेत असं त्याच अध्यायात आहे. ही फोड एका ओळीत टाकलीत तर आवेग शब्द इथे उलट सोयीचाच ठरेल.

अशोकचौक :
मसुद्यात ‘अवसर न देता कृती करणे’ असं एक वाक्य आहे, ते बदला. मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड. कानडीत अवसर म्हणजे घाई. तेलुगूत अवसरं म्हणजे गरज. आपल्या तेलुगू वस्तीच्या पूर्वभागात आणि कानडी बोलणाऱ्या अक्कलकोटकडे ते वाक्य तीन घरांत तीन तऱ्हेनं वाचलं जाईल.

होटगीरोड :
मंत्रचळही (ओसीडी) यात मिसळू नका. तिथे माणूस नको असताना, भीती शमवायला हात धुतो. आवेगात करण्याआधी ताण किंवा ओढ असते आणि करताना बरं वाटतं. पस्तावा झालाच तर नंतर.

आवेगीपणा मोजणारी बॅरटची प्रश्नावली मराठीत करणार असाल तर एक धोका : ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, पण ११ विधानांचे गुण उलटे धरायचे. ‘मी विचार न करता खर्च करत नाही’ असं वाक्य केलंत आणि उत्तर ‘कधीच नाही’ आलं, तर त्यातून काय समजायचं? नकार एकदाच ठेवा. भाषांतर दुसऱ्याकडून, मूळ न दाखवता, परत इंग्रजीत करून घ्या आणि मगच वापरा.

सातरस्ता :
पार्किन्सनच्या औषधांवरही एक चौकट आहे. तिथे ‘स्वभावात बदल’ लिहिलंय.

विजापूरवेस :
हे फारच मोघम. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनसारखं काम करणारी औषधं. काहींना त्यांच्यामुळे जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा कामवासनेची न आवरणारी ओढ लागते. ‘स्वभाव’ वाचला की घरचे म्हणणार, वयानं असं होतं. ‘व्यसन’ लिहिलंत तर लाजेनं लपवणार. सरळ लिहा : ‘हे औषध सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून आकडा लावणं, लॉटरी, खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा वाढली आहे का? आवरत नाही असं वाटतं का? हा औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगा. औषध मनानं बंद करू नका. एकदम थांबवलं तर बेचैनी, भीती, घाम असे त्रास होऊ शकतात.’

सातरस्ता :
म्हणजे शीर्षकात ‘आवेग’, पैशाच्या उदाहरणात ‘उतावळेपणा’, चाचणीपाशी ‘हात न आवरणं’. आणि रागाच्या भरात ताट भिरकावणं, त्याला?

बाळीवेस :
त्याला ‘रागाच्या भरात’ हेच. ‘भर’ शब्दात सगळं आलं.