एकाच डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे : ड्रोन-मोजणीच्या कामाला उपयोग होईल का?

काळीमाती_दारव्हा
नमस्कार. मी शेतजमिनी आणि पाझर तलावांचे ड्रोनने नकाशे करून देतो व छायाचित्रांवरची प्रक्रिया मेटाशेप या सॉफ्टवेअरमध्ये करतो. माझ्याकडे रायझन ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. मोठ्या शिवाराचे काम रात्रभर चालते. असेच दुसरे कार्ड बसवल्यास वेळ निम्म्यावर येईल का, आणि दोन्ही मिळून २४ जीबी मेमरी मिळेल का?

रेंडर_अमरावती
मेमरीची बेरीज होत नाही. प्रत्येक कार्ड आपल्या वाट्याचे काम आपल्याच १२ जीबीत करते. ३०६० ला एनव्हीलिंकची, म्हणजे दोन कार्डे थेट एकमेकांना जोडण्याची, सोय नाही. त्या पिढीच्या गेमिंग कार्डांत ती केवळ ३०९० आणि ३०९० टीआय यांना होती. मेटाशेपला मात्र तिची गरजच पडत नाही, कारण छायाचित्रांच्या जोड्या जुळवणे आणि डेप्थ मॅप (छायाचित्रातला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर, याचा नकाशा) काढणे ही कामे ते दोन्ही कार्डांना वाटून देते.

निम्म्या वेळेची अपेक्षा मात्र ठेवू नये. जुळणीनंतर कॅमेऱ्यांची स्थाने पक्की करण्याचे गणित प्रोसेसरवर चालते आणि तेथे दुसरे कार्ड नुसते बसून राहते. एखाद्या जुन्या प्रकल्पाचा प्रोसेसिंग रिपोर्ट काढा. त्यात प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ दिलेला असतो, आणि डेप्थ मॅपचा वाटा मोठा दिसला तरच पैसे घाला. बी५५० च्या बहुतेक बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट थेट प्रोसेसरला न जोडता बोर्डावरच्या चिपसेटमार्गे जोडलेला आणि फक्त चार लेनचा (माहिती वाहणाऱ्या चार मार्गिकांचा) असतो, पण या कामात त्याने फारसे अडत नाही.

वीजतंत्री_वऱ्हाड
मला काळजी विजेची वाटते. दोन कार्डांचे ३४० वॅट, प्रोसेसरचे पूर्ण भारावर सुमारे १४० आणि बाकीचे धरले, तर ६५० वॅटच्या पुरवठ्यात क्षणिक उसळ्यांसाठी जागा उरत नाही. किमान ८५० वॅटचा घ्यावा. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅटचा आकडा पाहावा, कारण ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. गावाकडे विजेचा दाब सतत खालीवर होतो, तेव्हा स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग यांवर आधी खर्च करावा, कार्ड नंतर.

दुसरे म्हणजे उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि दोन पंख्यांची कार्डे एकाखाली एक बसवली की वरचे कार्ड खालच्याची गरम हवा ओढते. मधे एका स्लॉटची तरी मोकळी जागा हवी. जवळपास जिनिंग असेल, तर कापसाचे तंतू कॅबिनेटच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि हवा कोंडते, म्हणून हंगामात जाळी दर आठवड्याला झाडावी.

काळीमाती_दारव्हा
आभारी आहे, भाऊ. रिपोर्ट पाहिला. डेप्थ मॅपचा वेळ एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक आहे, त्यामुळे कार्ड घेण्यात अर्थ दिसतो. परंतु पॉवर सप्लाय आणि यूपीएस आधी. कार्डांची वीजमर्यादा थोडी उतरवून चालवावे का?

रेंडर_अमरावती
अवश्य. प्रत्येक कार्ड १७० ऐवजी १४० वॅटवर ठेवा. वेग थोडाच घटतो आणि उन्हाळ्यात तेवढीच उष्णता वाचते. शिवाय मेटाशेपच्या सेटिंगमध्ये कार्डांबरोबर प्रोसेसर वापरण्याचा पर्याय बंद करा.